कोपरे सोडले, सरवा उचलला

यंदा भातकापणीला मी शेताचे चारही कोपरे उभे सोडले आणि खाली पडलेली लोंबी न लोंबी वेचून घरी आणली. करायला हवं होतं बरोबर उलट. हे मला कळलं तोवर मी त्यावर जव्हारला जाऊन एक भाषणही ठोकून आलो होतो.

मुळात शेती हा माझा प्रांत नाही. मी नगरकडचा. मास्तरकीने इकडे आणलं. आधी जामसर, मग मोखाड्याच्या बाजूच्या शाळा, आणि शेवटी खोडाळ्याच्या वरच्या अंगाला एक पाडा. निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की सर आता गाशा गुंडाळणार. पण गावाकडे माझी भावकी आहे आणि इथे ती नाही, हे एवढं कारण मला राहायला पुरलं. शेजाऱ्याने त्याच्या घरालगतच्या दोन खोल्या दिल्या होत्या, त्याच चालू ठेवल्या. इकडे 'तुम्ही' हा शब्द शाळेच्या पुस्तकात असतो. पुस्तकाबाहेर देवालाही तू, तहसीलदारालाही तू आणि सरालाही तू. पहिली काही वर्षं मला ते टोचायचं. आता कोणी 'तुम्ही' म्हटलं की वाटतं, याला माझ्याकडून काहीतरी हवं आहे.

आम्ही ख्रिस्ती. पाड्यावर आमचं एकच घर. रविवारी जीप पकडून जव्हारला जातो, तिथे आमची छोटी मंडळी जमते. दवाखान्यातल्या दोन-तीन सिस्टर, एक ड्रायव्हर, एक शिक्षक जोडपं, आणि दोन वयस्कर बहिणी, ज्या आधी गायला लागतात आणि मग चाल शोधतात. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा नाशिकहून येतात. मधल्या रविवारी सगळं वडिलांनी बघायचं. वडील म्हणजे बाप नव्हे. मंडळीने निवडलेल्या पुढाऱ्याला आमच्यात वडील म्हणतात. आधीचे वडील लेकीकडे पुण्याला गेले, तेव्हा नव्याची निवड झाली. कोणाला वडील व्हायचंय, हात वर करा, असं पाळकांनी विचारलं. हात कोणाचाच वर गेला नाही. मी नेमकी त्याच वेळी मान हलवत होतो. मान मी डास हाकलायला हलवत होतो, हे कोणी लक्षात घेतलं नाही.

त्या दिवशी छाती फुगवून घरी आलो. शेजारी ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. मी म्हटलं, "मी वडील झालो."

त्याने मळायचं थांबवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे. तिचं वय सांगत नाही, पण तिलाही आता पेन्शन आहे.

"पोरगा का पोरगी?" त्याने विचारलं.

मी समजावून सांगेपर्यंत बातमी खालच्या वळणावर पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकरी आली. इकडे डोकरी म्हणजे म्हातारी. शिवी नाही, पदवी आहे. पाड्याच्या टोकाला हिचं एका खोपटीचं घर, जमीन नावाची चीज सात पिढ्यांत नाही. मुलगा-सून मजुरी करतात आणि ही त्यांच्यापेक्षा जास्त करते. मी तिला मावशी म्हणतो. ती हातात खुरासणीच्या तेलाची बाटली घेऊन आली होती, बाळंतिणीला चोळायला. तिने माझ्या बायकोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हिचं तं नाय. मग कोणाचं रं?"

या 'मग कोणाचं'चं उत्तर देण्यात माझं वडीलपणाचं पहिलं पर्व गेलं. तेल मात्र बायकोने ठेवून घेतलं. म्हणाली, "राहू द्या, तुमच्या कमरेला होईल."

वडील झाल्यावर आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे असं मला वाटू लागलं. माझा पहिला उपदेश मी मेंढपाळांवर दिला. बायबलच्या जुन्या करारात एका संदेष्ट्याने लोकांच्या पुढाऱ्यांना फार झोडपलंय: तुम्ही कसले मेंढपाळ, चरबी खाता, लोकर पांघरता, पण दुबळ्या मेंढराला बळ देत नाही, लंगड्याला पट्टी बांधत नाही, हरवलेल्याला शोधत नाही. मी घसा फोडून बोललो. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी एका सिस्टरकडे बारशाचं जेवण होतं, मटणाचं. मी रस्सा मागितला, मग पुन्हा मागितला, मग भाकरी संपली म्हणून भात घेतला आणि भाताला म्हणून पुन्हा रस्सा. समोर पाळक बसले होते. ते हळूच शेजारच्याला म्हणाले, "आज वडिलांनी सगळं अगदी प्रात्यक्षिकासह शिकवलं."

ते मला लागलं. जीपमध्ये बायकोला म्हटलं, "आता बोलणं बंद. करून दाखवायचं."

"बोलणं बंद करताय? मग तेच दाखवा. तेवढं पुरे," ती म्हणाली.

करून दाखवायची जागा तयार होती. शेजाऱ्याचा खालचा एक तुकडा बैलाअभावी पडीक राहणार होता. तो मला म्हणाला होता, "लाव तू यंदा. पिकंल त्यातलं अर्धं माझं." मी हौसेने लावला. म्हणजे पाड्यावरच्या बायांनी लावला, मी बांधावर छत्री धरून उभा होतो. कोणाची छत्री, विचारू नका. डोकरीने दिलेलं पानांचं इरलं मला डोक्यावर नीट बसेना, म्हणून बायकोची फुलाफुलांची.

आता डोकरीचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यापाशी आहे.

दिवाळी झाली की पाड्यावरची अर्धी घरं वीटभट्टीवर जातात. मुकादम ट्रक घेऊन येतो. माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं त्यात चढतं आणि परत येतं ते उन्हाळा सरताना. डोकरीचे मुलगा-सून दरवर्षी जातात आणि तिलाही नेतात. मागल्या साली ती आली ती खोकत आली. पावसाळाभर खोकली. यंदा तिने भादव्यातच जाहीर केलं होतं, "मी नाय येणार भट्टीवर. मला माझ्या खोपटीत मरू द्या."

मुलगा वाईट नाही. तो म्हणाला, "आये, तू राहशील पन खाशील काय?" रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उठत नाही, आयुष्यभर काम करून बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्यात, ते मशीन तिला ओळखतच नाही. धान्य मिळतं ते मुलाच्या अंगठ्यावर, आणि अंगठा तर भट्टीवर जाणार. म्हणून मायलेकांचा करार ठरला. तिच्या कुडाच्या कणगीत होळीपर्यंत पुरेल एवढं भात साठलं तर तिने राहायचं. नाही साठलं तर मुकाट ट्रकात बसायचं.

हा करार साऱ्या पाड्याला ठाऊक होता, मलाही होता. कापणीची मजुरी ती भातातच मागायची. कोणाच्या शेतावर गेली की येताना पदरात काहीतरी असायचं. कणगी भरत होती, पण सावकाश. ट्रक मात्र सावकाश येत नसतो.

आणि मला मोशेचा नियम आठवला. शेत कापताना कोपऱ्यापर्यंत कापू नको, पडलेला सरवा वेचू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी असू दे. वा! शेतही होतं, कोपरे होते, गरीब विधवा होती. फक्त करायचं बाकी होतं. शिवाय दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असंही प्रभूने सांगितलंय. म्हणून मी ठरवलं की डोकरीला काही सांगायचं नाही. तिचा मान राखायचा. कोपरे उभे असतील, ती येईल, कापून नेईल, मी लांबून बघेन आणि कोणाला बोलणार नाही. जव्हारची मंडळी सोडून.

कापणीला शेजारी, त्याची बायको, डोकरी आणि तिची सून, एवढी माणसं होती. मी म्हटलं, "कोपरे राहू द्या."

शेजाऱ्याने विळा थांबवला. "कसले कोपरे?"

"हे. चारही. कापू नका."

"पिकलंय की."

"पिकलंय म्हणूनच."

सगळी एकमेकांकडे बघायला लागली. शेजाऱ्याची बायको डोकरीच्या कानात काहीतरी म्हणाली. डोकरीने माझ्याकडे बघून मान हलवली, जशी आजाऱ्याकडे बघून हलवतात. पुढे कोणी काही विचारलं नाही. माझ्या अर्ध्या वाट्यातून जाणार होतं, तेव्हा शेजाऱ्याचीही तक्रार नव्हती. मला वाटलं, धर्माचं काम बघून माणसं गप्प झाली.

भारे खळ्यावर गेले. मग मला शेतात पडलेल्या लोंब्या दिसल्या. आता हे माझं जन्माचं दुखणं. वर्गात खडूचा तुकडा पडलेला मला चालत नसे; मुलांकडून फरशी झाडून घेतल्याशिवाय मी घंटा देऊ देत नव्हतो. एवढं भात मातीत? मी धोतराचा, म्हणजे लुंगीचा, ओचा केला आणि लागलो वेचायला. कमर मोडली, तरी वेचलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेलो आणि राहिलेलं वेचलं. शेत असं दिसत होतं की पाहुणे बसवावेत. मी बायकोला ओचा दाखवला. म्हटलं, "बघ, एक दाणा वाया गेला नाही."

त्याच वेळी डोकरी सूप आणि पाटी घेऊन बांधावर येऊन उभी होती. मी तिला हात केला. तिने शेताकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि निघून गेली. मी मनात म्हटलं, कोपरे बघून गेली. विळा आणायला गेली असेल.

वाचकहो, तुमच्यात जो कोणी शेतकऱ्याच्या घरचा असेल त्याने आत्तापर्यंत कपाळाला हात लावला असेल. इकडचा रिवाज साधा आहे. पडलं ते वेचणाऱ्याचं, उभं ते मालकाचं. पडलेला सरवा वेचायला कोणी कोणाला विचारत नाही; पण दुसऱ्याच्या उभ्या पिकाला विळा लावला तर ती चोरी, मग ती एक काडी का असेना. मी इथे जन्म काढला आणि हे मला माहीत नव्हतं, कारण कापणीच्या दिवसांत मी वर्गात हजेरी घेत असायचो आणि मुलं का नाहीत म्हणून चिडत असायचो. नियमात दोन्ही गोष्टी होत्या, कोपरेही आणि सरवाही. मी त्यातली लोकांना दिसणारी घेतली.

दिवस जात होते, कोपरे उभे होते. डुकरं एक कोपरा रात्रीत तुडवून गेली. दुसऱ्यावर पोपट बसायचे. त्यांनाही कोणी परके म्हणेल, पण माझा रोख त्यांच्याकडे नव्हता. मी मुद्दाम डोकरीच्या घरावरून फेऱ्या मारायला लागलो.

"मावशी, कोपरे बघितलेस का?"

"बघितले."

"कसे आहेत?"

"उभे हायेत."

"म्हणजे... कोणी न्यायला हरकत नाही."

"हां. ने की मग. तुझेच हायेत."

याच्यापुढे उघड बोललो असतो तर डाव्या हाताला कळलं असतं. मी घरी परतलो. पाड्यावर तोवर माझ्या कोपऱ्यांच्या तीन कथा चालू होत्या, त्या शेजाऱ्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितल्या. एक, सराच्या देवाला कोपरा लागतो. दोन, सराला कोणीतरी करणी केलीय आणि ती कोपऱ्यात पुरलीय, म्हणून तो तिथे विळा लावू देत नाही. तिसरी कथा सर्वांना पटलेली होती: सराची कमर गेली, मजुरीला माणूस आणायची त्याला लाज वाटते, म्हणून 'राहू द्या, राहू द्या' म्हणतो.

"तुम्ही जाऊन सांगा ना सरळ," बायको म्हणाली. "अहो, ट्रक येईल उद्या-परवा. म्हातारीची कणगी अजून गळ्याला आली नाही."

"तिला लाज वाटेल."

"कोणाला?"

मी विषय बदलला.

आणि मग एका शनिवारी उजाडताच मी शेताकडे गेलो, तर कोपरे साफ! चारही. विळ्याने बुडापासून कापलेले. मी बांधावर तसाच उभा राहिलो. देवाचे आभार मानले आणि जवळजवळ तितकेच स्वतःचे.

दुसऱ्या दिवशी जव्हारला आमची हंगामाची उपासना होती. या दिवशी लोक आपापल्या पिकातलं काहीतरी आणून वेदीपाशी ठेवतात. भाताची पेंडी, भोपळा, नागलीची कणसं, सिस्टर लोकांनी बाजारातून आणलेली केळी. पाळक आले होते. मी उभा राहिलो आणि साक्ष दिली, म्हणजे देवाने केलेलं चांगलं सर्वांपुढे सांगितलं. अशी साक्ष की काय सांगू. आमच्या पाड्यावरची एक गरीब विधवा, तिच्यावर आलेलं भट्टीचं संकट, माझे कोपरे, माझं मौन, पहाटेच्या अंधारात तिचा विळा, तिच्या डोळ्यांतलं पाणी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही हे मी पाहिलं नव्हतं, पण साक्ष चालू असताना कोण थांबतंय. दोघी बहिणींपैकी धाकटी हुंदके द्यायला लागली आणि थोरलीने तिच्यासाठी म्हणून एक गाणं सुरू केलं, ज्याची चाल आम्हाला शेवटपर्यंत सापडली नाही.

उपासना संपल्यावर पाळकांनी मला बाजूला घेतलं. "छान बोललात वडील. ती बाई काय म्हणाली?"

"काही नाही. मी विचारलंच नाही. डाव्या हाताला कळू नये म्हणून..."

"डावा हात तुमचाच, वडील," पाळक म्हणाले. "बाईला कळायला हरकत नव्हती." आणि ते चहा प्यायला गेले.

जीपमध्ये मी त्या वाक्याला उत्तर शोधत होतो. घराच्या वळणावर उतरलो तर आमच्या ओट्यावर माणसं. शेजारी, त्याची बायको, डोकरी, तिचा मुलगा, सून आणि वरच्या दोन घरची मंडळी. ओट्यावर एक भरलेलं पोतं. डोकरी त्याला टेकून बसली होती, केसांत भाताचं तूस.

"आला," डोकरी म्हणाली. "घे तुझं भात."

"कसलं भात?"

"कोपऱ्याचं. झोडून, वारवून आणलंय. डुकरांनी थोडं नेलं. बाकी सगळं यात हाय."

शेजारी सांगायला लागला, "ही डोकरीच बोलली. सर परका माणूस, त्याला भावकी नाय, पोरं लांब, कमर गेलेली. सांगायची लाज वाटते त्याला. आपण नाय बघितलं तं कोन बघंल? तिनंच घरोघर जाऊन आम्हाला गोळा केलं. काल पहाटं सगळ्यांनी मिळून कापलं. म्हनली, त्याला उठवू नका, त्याला लाजल्यासारखं होईल."

माझा मान राखायला पहाटेच्या अंधारात! मी तिच्या मानासाठी कुंपणाआड लपत होतो आणि ती माझ्या मानासाठी कुत्र्यांना गप्प करत होती. नियमात गरीब आणि परका असे दोघे सांगितलेत. गरीब कोण हे मी ठरवलं होतं. परका कोण हे पाड्याने कधीच ठरवलेलं होतं. आणि वडील कोण, पुढारी कोण, दुबळ्यासाठी माणसं गोळा करून पुढे चालणारं कोण, तर ही पोत्याला टेकून दम खाणारी बाई. शनिवारचा अख्खा दिवस तिने माझ्यावर घातला होता. तो तिच्या मजुरीचा दिवस होता, आणि ट्रक सोमवारी सकाळी येणार होता.

ते मला तिच्या सुनेकडून कळलं. तिने हळूच सांगितलं, "आमची कणगी नाय भरली. येते ती पन आमच्याबरोबर." डोकरी खोकली.

मी बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं: बोला आता, नाहीतर मी बोलते. मी बोललो. "मावशी, हे कोपरे मी तुझ्यासाठीच सोडले होते. आमच्या शास्त्रात तसं आहे. तू न्यावंस म्हणून. हे पोतं तुझं आहे."

मला वाटलं, आता तिचा मान दुखावणार, ती उठून जाणार. ही सगळी भीती मी कापणीपासून पोसत आलो होतो.

डोकरी म्हणाली, "माझ्यासाठी?"

"हो."

"मग सांगायचं नाय का? तोंड कशाला दिलंय देवानं, शाळा शिकवायला फक्त?"

"तुला लाज वाटेल म्हणून..."

"लाज? अंगठा उठत नाय म्हनून त्या दुकानवाल्याच्या दारात दिवसभर बसते मी. भाताची काय लाज?" मग तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. तिने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "आन् माझ्यासाठी सोडत होतास, तं पडलेलं का उचललंस रं? मी पाटी घेऊन आले तं शेतात चिमणीलाही दाना नाय! मी बोलले, काय हा सर, झाडूनच नेलंन."

शेजारी आधी हसला. मग त्याची बायको. मग मुलगा, जो आईच्या समोर सहसा हसत नाही. माझी बायको आत गेली. मला वाटलं रागावून गेली, पण ती पाटी भरून बाहेर आली. मी वेचलेल्या लोंब्यांचं भात, तिने वेगळं झोडून ठेवलेलं. "हे आधीचं, मावशी. हे तुमचंच होतं. यांनी उचललं." मग ती पुन्हा आत गेली आणि आमच्या वाट्यातलंही आणून ओतलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो आणि पुढच्या रविवारी त्याचीही साक्ष दिली असती, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

डोकरीने नको-नको केलं नाही. पदर खोचला, मुलाला म्हणाली, "उचल." मुलाने पोतं पाठीवर घेतलं, सुनेने पाट्या. मीही एक उचलायला वाकलो, कमरेत कळ आली आणि तसाच वाकलेला राहिलो. मग मला शेजाऱ्याने उचललं. खोपटीत गेल्यावर मुलाने कणगीत सगळं ओतलं, आत हात घालून चाचपलं आणि म्हणाला, "जाईल. होळीपर्यंत जाईल."

"होळीपुढं वाल हायेत परसात," डोकरी म्हणाली. झालं. ठरलं.

सकाळी ट्रक आला. पाडा सगळा रस्त्यावर. भांड्यांचे आवाज, कोंबड्यांची कलकल, कोणाचं तरी पोर रडतंय, कोणी मोबाईलला रेंज शोधतंय. डोकरीचे मुलगा-सून वर चढले. ती खाली उभी, मी तिच्या शेजारी. कमरेला खुरासणीचं तेल चोळून आलो होतो, त्यामुळे माझ्याभोवती माश्या जमल्या होत्या. माझ्या मनात आत्ताच एक नवा उपदेश तयार होत होता. निवाऱ्याबद्दल होता. फार सुंदर होता.

मुकादमाने फळी लावताना हाक मारली, "काय गं डोकरे, चढ ना! जागा ठेवलीय तुला."

"मी नाय येत यंदा."

"का? बरी तं दिसतेस."

डोकरीने अंगठ्याने माझ्याकडे खूण केली, तोच अंगठा, रेघा नसलेला.

"मी गेले तं याला कोन बघंल? बाई बिचारी एकटी किती करंल याचं!"